कॉट न्यायला आम्हीच येऊ

आमच्या ताईबद्दल चांगलं बोलायला अख्खं गाव बसलंय. चौकातला न्हावी एका दाढीत तिचे दहा गुण सांगतो, त्यामुळे ते काम मी करणार नाही. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ. एकसष्ट वर्षं एका छपराखाली काढली तिच्याबरोबर. तेव्हा तिने दिलेला त्रास सांगायचा हक्क माझा आहे आणि तो मी कोणाला देणार नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पोस्टात काउंटरवर नोकरी करायची. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही. स्वयंपाकात तिचा हात असा की मांजरसुद्धा वास घेऊन निघून जायचं. घोरायची, आणि सकाळी विचारलं तर साफ नाकारायची. घरातली शेवटची साखर चहात टाकून डबा तसाच फळीवर ठेवायची. आणि एवढं सगळं करून गावभर कॉटवाल्या ताई म्हणून मिरवायची.

कॉट म्हणजे दवाखान्यात असते ती लोखंडी. पायाकडे हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. अशा सहा कॉट होत्या आमच्याकडे. शिवाय चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या. हे सगळं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुढच्या खोलीत माझं दुकान, पंखे-मिक्सर-पंप दुरुस्तीचं. ज्याच्या घरी आजारपण असेल त्याने ताईला कळवायचं, की दुपारी आम्ही हजर. भाजीवाल्याचा छोटा टेम्पो दुपारी मोकळा असायचा. त्यामुळे आमच्या कॉटला कायम कोथिंबिरीचा वास असायचा, आणि आजारी माणसं तोंडाला चव आली म्हणायची.

अनामत नाही, चिठ्ठी नाही, सही नाही. नियम एकच. कॉट लावून झाली की दारात चप्पल घालता घालता ती सांगायची, "आणि हे बघा, परत आणून द्यायची नाही. न्यायला आम्हीच येऊ." 'आम्हीच' म्हणजे मी. माझे पाने, माझी कंबर.

हा नियम कुठून आला ते सांगतो. तेवीस वर्षांपूर्वी आमची आई गेली. तिच्यासाठी विकत आणलेली कॉट पुढच्या खोलीत होती. आई गेली आणि कॉट तिथेच राहिली. एक महिना गेला, दोन गेले, अकरा महिने गेले. त्या कॉटविषयी घरात कोणी बोलायचं नाही. बाबा तिच्या कडेला टेकून बूट घालायचे, मी तिच्यावर पंख्यांची खोकी ठेवायचो, बायको खोकी उचलून रोज चादर झटकायची. काढूया असं म्हणायला तोंड कोणाचं उघडत नव्हतं. शेवटी एका रविवारी ताईने माझा पाना घेतला आणि एकटीच बसली नट काढायला. गंजलेला नट तो, हलेना. तिने पाना भिंतीवर फेकून मारला. पोपडा उडाला. मग तिथेच फतकल मारून रडली. मी येऊन नट काढले. तेव्हा ती म्हणाली, "हे घरच्यांचं काम नाही. बाहेरच्या कोणीतरी येऊन करायचं असतं."

झालं. त्या दिवसापासून आम्ही गावाचे बाहेरचे झालो. बाबा म्हणायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे पोरीला." पण दुसरी कॉट आणली ती बाबांनीच, हे ते कबूल करायचे नाहीत.

माणूस गेला की आम्ही चौथ्या दिवशी जायचो. तिसऱ्या नाही, पाचव्या नाही. तिचं म्हणणं असं, की तीन दिवस घरात माणसं असतात. चौथ्या दिवशी ती पांगतात आणि मग ती रिकामी कॉट घरच्यांना खायला उठते. आम्ही आत गेलो की मी दाराशी पिशवी घेऊन उभा, आणि ही बाई सरळ जाऊन कॉटवरच बसायची. लोक बिचकायचे. ती शेजारी गादीवर हात आपटून म्हणायची, "बसा हो." आणि बसलं की विचारायची, "मला सांगा, त्रास काय द्यायचे तुम्हाला?"

पहिल्यांदा तिने हे विचारलं तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तिला बरोबर कळलं होतं. चार दिवस लोक येऊन गेलेल्या माणसाचे गोडवे गाऊन जातात, आणि ज्याने त्याचं हगणंमुतणं काढलं त्याला खरं बोलायला जागाच उरत नाही. शाळेतल्या एका बाईंची सासू गेली होती. त्या आधी हो-नाही करत राहिल्या. मग सुरू झाल्या. पाऊण तास नुसत्या तक्रारी. सासूबाई चहा पाचदा गरम करायला लावायच्या, पाहुण्यांसमोर पाणउतारा करायच्या, रोज वेणी बघून नाक मुरडायच्या. बोलता बोलता एकदम थांबल्या. म्हणाल्या, "आता माझी वेणी कोण बघणार?" आणि ज्या रडल्या, की शेजारीण धावत आली. चार दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं म्हणे.

आठ नट. दहा मिनिटांचं काम. पण ताई कॉटवरून उठल्याशिवाय मी काय कपाळ सोडवणार? कधी तास, कधी दीड तास मी दाराला टेकून उभा. मला कोणी बस म्हटलं तरी मी बसायचो नाही. दुसऱ्याचं रडणं मला बघवत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगतो, मला राग यायचा. जगाचं ऐकायला हिला दीड दीड तास, आणि घरी मी काही सांगायला लागलो की, "पुढचं उद्या सांग हं, मला जायचंय." पायाला भिंगरी. मला कावीळ झाली तेव्हा ही बाई सकाळी माझ्या कपाळाला हात लावून जी गेली ती संध्याकाळी परत. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बरे होणार हे त्यांना माहीत आहे म्हणून जातात." असेल. पण मी काही बरा होण्यासाठीच जन्माला आलो नव्हतो.

रस्त्याने आम्ही दोघं निघालो की म्हातारे लांबूनच ओरडायचे, "ताई, आमच्याकडे नको, अजून हिंडतोय मी." ती म्हणायची, "हिंडा हिंडा, कॉट कुठे पळून जातेय." एका वकिलाने वॉकर दीड वर्ष दाबून ठेवला. गेलो तर वॉकरवर ओले टॉवेल वाळत घातलेले. ताईने एकेक टॉवेल पिळून, नीट घडी करून वकिलाच्या हातात दिला आणि वॉकर घेऊन चालू लागली.  वकील पुढे महिनाभर आमच्या गल्लीतून गेला नाही.

असं बावीस वर्षं चाललं. आणि मग तिच्याच छातीने दगा दिला.

आधी जिन्यावर धाप. मग बोलताना धाप. मग पाय सुजले. दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, छातीत पाणी साठतं, आता घरीच न्या. औषधं सांगितली आणि म्हणाला, "आडवं झोपवू नका, गुदमरतील. पाठीकडून उंच करून झोपवा. आता कॉटचं मी तुम्हाला काय सांगणार?" मी हसलो. मलाही वाटलं, हे एक तरी आपल्या हातातलं.

घरी येऊन शेड उघडली. शेडमध्ये एक कुबडी आणि दोन कमोडच्या खुर्च्या. सहाच्या सहा कॉट बाहेर.

कोणाकडे कोणती कॉट आहे ते सगळं ताईच्या डोक्यात असायचं. मी तिला विचारलं. तिने खुर्चीत बसल्या बसल्या बोटांवर मोजत सहा घरं सांगितली. मी म्हणालो, "टेलरच्या आईला कॉट कशाला हवी? म्हातारी ताठ बसून टीव्ही बघते. उद्या घेऊन येतो."

"दिलेली वस्तू माणूस आहे तोवर मागायची नाही."

"आणि तू माणूस नाहीस?"

"मी मालकीण आहे," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर खोकला थांबेना.

मी शहरातल्या दुकानदाराला नव्या कॉटसाठी फोन केला. तो चार दिवस म्हणाला. पाचव्या दिवशी पुन्हा चार दिवस म्हणाला. तोवर मी दुकानातली फळी काढली, खाटेवर तिरकी लावली, खाली विटा, वर गादी. ताईला बसवलं. हळूहळू घसरत ती खाली आली, थेट पायथ्याला. म्हणाली, "घसरगुंडी चांगली झालीय, शेजारच्या पोरांना बोलाव." उशा लावल्या तर उशा दबायच्या आणि मान लटकायची. शेवटी ती खुर्चीतच बसायची, समोर टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ. अशी झोपायची. झोपायची कसली, डोळे मिटायची. पाय खाली लोंबून हत्तीएवढे झाले. कपाळावर उशीच्या शिवणीचा वळ उठला. अकरा दिवस. जिने अख्ख्या गावाला आडवं निजवलं ती बसून राहिली. मला बाकी काही नको होतं. ती बरी होणार नाही हे मला कळत होतं, मी काही खुळा नाही. एकदा तिला पाठ टेकून झोपलेलं बघायचं होतं, बस.

बाराव्या दिवशी साडेअकराला औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोळ्या कापता कापता म्हणाला, "ताई झोपतात का काही?"

"कशावर झोपणार? कॉट कुठेय?"

त्याची कात्री थांबली. "ड्रायव्हरकाकांकडे आहे की. रिकामीच आहे. काका जाऊन सतरा दिवस झाले."

मला काही समजेना. ड्रायव्हरकाका म्हणजे जन्मभर एसटी चालवलेला माणूस, पाण्याच्या टाकीजवळ राहणारा. तो शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. घराला कुलूप, आणि माणूस परत येणार म्हणून त्या कॉटचं नाव मी काढलं नव्हतं. तिथेच गेला. सगळं तिथेच उरकून काकू एकट्या परत आल्या होत्या. मी दवाखाना आणि घर सोडून कुठे गेलोच नव्हतो. दुकानदाराची मान खाली. "सगळ्यांचं म्हणणं पडलं, की ताईंच्या कानावर आत्ता घालायला नको. ऐकलं तर तशाच उठून जातील. काकूही म्हणाल्या, ताई बऱ्या झाल्या की येतीलच न्यायला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर कॉट रिकामी, आणि गाव प्रेमाने गप्प.

भाजीवाल्याचा टेम्पो घेतला आणि गेलो. काकूंनी दार उघडलं. आधी माझ्या मागे बघितलं. "ताई नाही आल्या?"

"तिच्यासाठीच हवीय कॉट," मी म्हणालो आणि आत घुसलो.

कॉट खिडकीजवळ होती. स्वच्छ चादर, कोपरे आत खोचलेले, उशीला नवीन अभ्रा. ते बघून माझं डोकंच फिरलं. काकू म्हणत होत्या, "मी रोज बदलते हो चादर, ताई येतील तेव्हा कॉट नीट हवी म्हणून." आणि मी म्हणालो, "तिकडे माझी बहीण बसून बसून मरतेय, आणि तुम्ही इकडे चादरी बदलताय?"

 मी चादर ओढून खुर्चीवर टाकली आणि नट काढायला बसलो. निम्मे नट काढून झाल्यावर त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे ना, शेवटी त्यांना..."

"काकू, नंतर. आत्ता वेळ नाही."

त्यांनी मान हलवली. कॉटचं एक टोक मी धरलं तर दुसरं त्यांनी उचललं. सत्तरीची बाई, पायरीपर्यंत आली. मी दार ओढून घेतलं की नाही तेही आठवत नाही.

एक वाजता कॉट आमच्या पुढच्या खोलीत लागली. हँडलला तेल घातलं, म्हणजे करकरायला नको. मी आणि बायकोने ताईला उचलून ठेवलं, मी हळूहळू हँडल फिरवलं, आणि एका ठिकाणी ती म्हणाली, "बास." पाठ टेकली. पाय वर आले. तिने एक मोठा श्वास घेतला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तळापर्यंत गेलेला, आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी आणि बायको एकमेकांकडे बघत उभे राहिलो. त्या घोरण्याला मी आयुष्यभर नावं ठेवली होती. त्या दुपारी मी दुकान बंद ठेवून, स्टूल घेऊन तीन तास ते ऐकत बसलो. मला वाटलं, जिंकलो.

चार वाजता तिने डोळे उघडले. चेहरा चांगला दिसत होता. चहा मागितला, तीन घोट प्यायली. मग हात गादीवर फिरवला आणि विचारलं, "कोणाकडची रे?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं मी. जमलं नाही. तिच्यासमोर ते कधीच जमलेलं नाही. "ड्रायव्हरकाकांकडची."

तिचा हात गादीवर थांबला. म्हणाली, "कधी?"

"सतरा दिवस झाले."

"कसं झालं?"

"माहीत नाही."

"काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

मी खाली बघितलं. तिने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, शब्द न् शब्द. मला वाटलं रागावेल. रागावली असती तर मी भांडलो असतो, माझ्याकडे भांडण तयार होतं. पण ती हळूच म्हणाली, "सतरा दिवस वाट बघितली बिचारीने. आणि आला कोण, तर तू."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"जा. आत्ता जा आणि बस तिच्याजवळ."

"मी नाही जाणार तुला सोडून."

"मला काय झालंय? कधी नव्हे ती झोपलेय. तुझी बायको आहे इथे."

"उद्या जातो ना."

"आत्ता. मला जाता येत नाही म्हणून सांगतेय. आणि उभा राहू नकोस, बस. विचार. आणि तिचं होईपर्यंत उठायचं नाही."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी रागात चप्पल घातली. निघताना तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर ती जिंकल्यासारखं हसली असती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. मी वळून बघितलं नाही.

काकूंचं दार उघडंच होतं. त्या खिडकीजवळ जमिनीवर बसल्या होत्या, कॉट होती त्या जागेवर. फरशीवर चार पायांचे चार काळे डाग होते आणि मध्ये काकू. मी दारात थांबलो, मग आत गेलो आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा बसलो कोणाच्या घरी. माझे गुडघे कडकड वाजले. म्हणालो, "काकू, मघाशी मी फार वाईट बोललो."

"नाही हो. बहीण आहे तुमची."

  शेवटी धीर करून ताईचंच वाक्य म्हणालो, "काकू, काका त्रास काय द्यायचे तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसल्या. "त्रास? अहो, झोपेत ब्रेक मारायचे. उजव्या पायाने. चाळीस वर्षं माझ्या पोटरीवर लाथा बसल्यात. कुठे जायचं म्हटलं की आधी सगळ्या घराला फेरी मारून खिडक्या मोजायचे. मी तयार व्हायला दोन मिनिटं लावली की बाहेरून, 'चला चला, सुटली गाडी.' आजारी पडले तर कॉट खिडकीशीच हवी. का, तर रस्ता दिसला पाहिजे. आणि पडल्या पडल्या येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना शिव्या. याला लायसन कोणी दिलं, तो वळतोय कसा. दिवसभर ऐकायचं मी."

मी हसलो. त्याही हसल्या. घड्याळ बघायची मला सवय, पण मी बघितलं नाही. त्या बोलत होत्या. लग्नातलं भांडण सांगितलं, मूल झालं नाही ते सांगितलं, त्याचं दुःख ते कसे एकटे टाकीवर जाऊन करायचे ते सांगितलं. उजेड उतरायला लागला. आणि मग त्यांचा आवाज बदलला.

"मी नव्हते हो तिथे," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगितलं नाही मी हे. सगळे विचारतात, शेवटी काय म्हणाले. मला काय माहीत? पाण्याची बाटली भरायला गेले होते. खाली नळाला रांग होती. म्हटलं, मागे फिरावं, पण अर्धी रांग झाली होती. भरूनच आले. तर पडदा ओढलेला. महिनाभर हलले नव्हते मी त्यांच्या उशापासून, आणि नेमकी..." त्यांनी पदर तोंडावर घेतला. "हाक मारली असेल का हो त्यांनी?"

 मी पंखे दुरुस्त करणारा माणूस. पण तिथे ताई असती तर काय म्हणाली असती, असा विचार करून मी म्हणालो, "काकू, तुम्ही पाणी त्यांच्यासाठीच आणायला गेला होतात. ते त्यांना माहीत होतं. तुम्ही जवळच होतात." त्यांनी माझा हात धरला आणि खूप रडल्या. मी हात सोडवून घेतला नाही. आणि मला, देवाशप्पथ, बरं वाटलं. वाटलं, घरी जाऊन ताईला सांगू. शब्द न् शब्द सांगू, तिला आवडेल. ती म्हणेल, बघ, जमलं ना गाढवा.

काकू शांत झाल्यावर उठलो. बाहेर दिवे लागले होते. चालत आलो, सावकाश, मनात जुळवत, की आधी लाथांचं सांगायचं की आधी बाटलीचं.

आमच्या दारात न्हावी उभा होता, भाजीवाला उभा होता. ते बाजूला झाले. त्यांच्या बाजूला होण्यावरून मला कळलं.

ताई कॉटवर होती, पाठ उंच, मान किंचित एका बाजूला. बायको तिच्याजवळ बसली होती. तिने सांगितलं की मी गेल्यावर तासाभराने ताईचा श्वास चढला. औषध दिलं, उपयोग झाला नाही. डॉक्टरला बोलावलं, तो यायला निघाला. मग मला कळवायला बायकोने हातात फोन घेतला.

"मग केला का नाहीस?" मी ओरडलो. "चार गल्ल्या. पळत आलो असतो मी."

बायको रडत होती. "त्यांनी माझा हात धरला हो. सोडेनात. म्हणाल्या, तो बसलाय. त्याला उठवू नकोस."

काकूंना मी दिलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे. तुम्ही त्यांच्यासाठीच गेला होतात, तुम्ही जवळच होतात. ते मी स्वतःला सांगून बघितलंय. नाही लागू पडत. काकूंना तरी कसं पडलं कोण जाणे. कदाचित त्यांनाही पडलं नसेल, माझं मन राखायला त्या शांत झाल्या असतील.

लोक येतात आणि म्हणतात, काय मोठं मन, शेवटच्या घटकेलाही दुसऱ्याचाच विचार. मी चहा देतो त्यांना. मला नको होतं तिचं मोठं मन. मी तिचा भाऊ होतो. बावीस वर्षं मी तिच्यामागे पाने घेऊन उभा राहिलो, ते काही गावासाठी नाही. सगळ्यांना सगळं दिलं तिने. मला एवढंच हवं होतं, की एकदा, अगदी शेवटी का होईना, तिने म्हणावं, त्याला बोलाव, मला तो हवाय.